पाठमोरा मेकॅनिक

१

माझं काम सांगितलं की समोरच्याला आधी हसू येतं. हवाई दलाच्या संग्रहालयात, दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत बसून मी जुन्या फोटोंमधली विमानं ओळखते. घराघरांतून पाकिटं येतात. कुणाचे वडील, कुणाचा चुलता, कुणाच्या आत्याचा होऊ घातलेला नवरा युद्धाच्या काळात एखाद्या विमानाला टेकून उभा असतो आणि साठ वर्षांनी घरच्यांना जाणून घ्यायचं असतं, की हे विमान कुठलं. माणूस कोण ते त्यांना ठाऊक असतं. मला माणसाशी कर्तव्य नसतं. मी त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघते. इंजिनं किती, शेपूट गोल की टोकदार, खिडक्या कशा, सावली कुठे पडली आहे.

निम्म्या वेळा माझ्या उत्तरानं घरच्यांचा हिरमोड होतो. आजोबा लढाऊ विमान उडवायचे असं तीन पिढ्या ऐकत आलेल्या कुटुंबाला, हे विमान पुठ्ठ्याचं आहे आणि मागचे ढग स्टुडिओतल्या पडद्यावरचे आहेत, असं कळवावं लागतं. अशा वेळी मी पत्र जरा लांबवते आणि आजोबांच्या मिशांची तारीफ करते.

शेजारच्या टेबलावर गणवेश ओळखणारे सहकारी बसतात. एक बटण बघून ते माणसाची तुकडी सांगतात, म्हणून सगळे त्यांना बटणकाका म्हणतात. वीस वर्षं एका खोलीत काढल्यामुळे आमचं बोलणं बरंचसं खोकल्यावर भागतं.

त्या सोमवारी सकाळी एक निवृत्त शिक्षिका आल्या. अडुसष्ट वर्षांच्या, पाठ ताठ, हातात कापडी पिशवी. खुर्चीत बसण्याआधी त्यांनी माझ्या टेबलावरची वाकडी पडलेली पेन्सिल सरळ केली. मग पिशवीतून एक पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं.

"यातलं विमान ओळखायचंय," त्या म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत. आणि बरोबर ओळखायचंय."

२

फोटो पोस्टकार्डाएवढा होता. तारेच्या कुंपणाबाहेरून काढलेला. पलीकडे दोन इंजिनांचं मालवाहू विमान उभं. शेपटीजवळ दार, दाराशेजारी तीन आकडी क्रमांक आणि त्या क्रमांकापुढे पाठमोरा उभा असलेला एक माणूस. अंगात मेकॅनिकचा डगला.

"हे माझे वडील," बाई म्हणाल्या.

हकिकत त्यांनी वर्गात धडा समजावून द्यावा तशी सांगितली. वडील विमानतळावर मेकॅनिक होते. युद्ध ऐन भरात असताना एक विमान इंजिनाच्या दुरुस्तीसाठी तिथे उतरलं, दुपारी उडालं आणि चार माणसांसह नाहीसं झालं. त्याच दिवसापासून वडीलही दिसले नाहीत. चौकशी झाली. निष्कर्ष असा निघाला, की मेकॅनिक आदल्या संध्याकाळीच पळून गेला होता, आणि जाण्याआधी त्यानं काहीतरी घोळ करून ठेवला असणार. चौघांची नावं स्मृतिभिंतीवर कोरली गेली. मेकॅनिकच्या नावापुढे 'फरार' असा शेरा पडला.

"आई फोटो स्टुडिओत कामाला होती. त्या दिवशी वडिलांचा चष्मा घरी राहिला म्हणून आम्ही दोघी तो द्यायला गेलो. आईजवळ स्टुडिओचा कॅमेरा होता. तिथे फोटो काढायला मनाई, तरी तिनं एक काढला. मग वडील आत चढले, दार लागलं, विमान गेलं. मी बघितलं. मी आठ वर्षांची होते. आई मनाई मोडल्याच्या भीतीनं कायम गप्प बसली, घरात वडिलांचं नावही काढू द्यायची नाही. मी मात्र तेव्हापासून सांगतेय."

"आणि?"

"आठ वर्षांची पोर काय सांगते, असं म्हणाले. मग मी मोठी झाले, तर म्हणाले, इतक्या वर्षांपूर्वीचं तुम्हाला काय आठवणार."

तीस वर्षांपूर्वी, आई गेल्यावर, बाईंनी फोटोची निगेटिव्ह स्मृतिभिंतीच्या समितीपुढे ठेवली होती. समितीनं प्रिंट काढून बघितली आणि अर्ज फेटाळला. कारण क्रमांक होता. पहिला आकडा चार, शेवटचा सात, आणि मधल्या आकड्यावर नेमकं त्या माणसाचं डोकं. विमानतळावरची दोन नेहमीची विमानं होती ४०७ आणि ४२७. त्यांच्यापुढे तो रोजच उभा राहायचा, त्यातून काही सिद्ध होत नव्हतं. हरवलेलं विमान होतं ४१७. ते त्या तळावर आयुष्यात एकदाच आलं, सकाळी उतरलं आणि दुपारी गेलं. मेकॅनिक ४१७ पुढे उभा असेल, तर तो आदल्या संध्याकाळी पळालेला असूच शकत नव्हता.

शुक्रवारी समिती शेवटचा विचार करणार होती. त्यानंतर ते प्रकरण कायमचं बंद.

बाई गेल्यावर मी भिंग लावून नेहमीप्रमाणे टिपण केलं. पंख खाली जोडलेले. सहा गोल खिडक्या, सगळ्या रिकाम्या. दार बंद, वरच्या बिजागरीपासून गंजाचा ओघळ. पंखे स्थिर. माणूस पाठमोरा, केस मागे बारीक कापलेले. संध्याकाळपर्यंत ४२७ बाद झालं, कारण त्याच्या शेपटीवर पत्र्याचं ठिगळ होतं आणि या शेपटीवर नव्हतं. राहिले शून्य आणि एक. दोन्ही त्याच्या डोक्यामागे.

३

मंगळवारी मी फोटो पाकिटातून काढला तेव्हा दार उघडं होतं.

मी चष्मा पुसला. भिंग पुसलं. दाराच्या जागी काळा चौकोन होता आणि त्यातून एक छोटी शिडी जमिनीवर टेकली होती. माझ्या टिपणवहीत माझ्याच अक्षरात 'दार बंद' असं लिहिलेलं.

वीस वर्षांत माझ्याकडून चुका झाल्या नाहीत असं नाही. एकदा मी उसाच्या गाडीची सावली पंखाची समजले होते. पण बंद दार आणि उघडं दार यात माणूस गल्लत करत नाही. शिवाय गंजाचा तो ओघळ मी दारावर बघितला होता. दार उघडं असतं, तर तो मला दिसलाच नसता.

सोमवारी दुपारी खालच्या मजल्यावर मी फोटो स्कॅन करून ठेवला होता. ती प्रत संगणकावर उघडली. तिच्यातही दार उघडं.

"काका, जरा इकडे बघता का?"

बटणकाका आले, वाकले, बघितलं. "उघडं आहे. का?"

"काल बंद होतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. "तुम्ही त्या नव्या डॉक्टरांकडून चष्मा करून घेतलात ना? मी तेव्हाच सांगितलं होतं."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मी ते स्वतःला पटवलं. टिपणवहीत 'दार बंद' खोडून 'दार उघडं' केलं आणि शेजारी सही केली. मग दिवसभर दुसऱ्या पाकिटांची कामं उरकली. पण दर थोड्या वेळानं मान आपोआप त्या फोटोकडे वळायची, जसं आपल्या मागे कुणी येऊन उभं राहिलं की वळते.

४

बुधवारी खिडक्यांमध्ये चेहरे होते. चार.

पहिल्या चार खिडक्यांत एकेक. पांढुरके ठिपके म्हणावेत तर भिंगाखाली त्यांना डोळे होते. हसत नव्हते, रागावलेलेही नव्हते. स्टेशनवर गाडी सुटायची वाट बघणारी माणसं बाहेर बघतात तसे ते बघत होते.

या खेपेस मी काही न सांगता फोटो बटणकाकांपुढे सरकवला. ते कितीतरी वेळ भिंगावर वाकून होते.

"पहिला पायलट," ते म्हणाले. "कॉलरवरून कळतं. दुसरा त्याचा जोडीदार. तिसरा बिनतारीवाला, कानाला यंत्र आहे. चौथा माल सांभाळणारा." मग त्यांनी भिंग खाली ठेवलं. "काल हे नव्हते."

"नव्हते."

"पायलट आपली पुढची जागा सोडून मागच्या खिडकीत काय करतोय?"

टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरत होतं. रस्त्यावरून एखादा ट्रक गेला की थरथरतं तसं. मी खिडकीतून खाली बघितलं. रस्ता रिकामा होता. आवाज ऐकू येत नव्हता. तो दातांत जाणवत होता, एकसारखा आणि खोल. आमच्या जुन्या खिडकीची काच चौकटीत बारीक बारीक वाजत होती.

काकांनी एक फाइल उचलून फोटोवर पालथी घातली. काच वाजायची थांबली. "मी चहा आणतो," असं म्हणून ते गेले, आणि त्या दिवशी परत आले नाहीत.

मी फाइल उचलली. बघायचं नव्हतं, पण शुक्रवार दोन दिवसांवर होता. मी चेहऱ्यांकडे न बघता पाठमोऱ्या माणसाकडे बघितलं. सोमवारी त्याचे मागचे केस आणि जेमतेम डाव्या कानाचा शेंडा, एवढंच दिसत होतं. आता अख्खा कान दिसत होता, कानामागे अडकवलेली पेन्सिल दिसत होती आणि गालाची एक पातळ कड. डोक्याच्या उजव्या बाजूला, आकड्याच्या रंगाची एक रेघ उजेडात आली होती. शून्याची असेल किंवा एकाची.

मी बाईंना फोन लावला. काय विचारायचं ते ठरवलं नव्हतं.

"बाई, या फोटोत तुमचे वडील... म्हणजे त्यांची मान..."

"वळतायत ना?" त्या म्हणाल्या.

मी खुर्चीत बसले.

"साठ वर्षं मी तो फोटो बघतेय," त्या म्हणाल्या. "कायम पाठच दिसायची. दोन महिन्यांपूर्वी समितीचं पत्र आलं की आता शेवटचा विचार. त्या दिवशी मला कानाचा शेंडा दिसला. मला वाटलं, म्हातारपण. म्हणून तुमच्याकडे आणला. तुम्हाला काय दिसतं ते बघायला."

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली. पण माझे वडील आहेत हो. ते वळत असतील तर मी पाठ कशी फिरवू?"

५

शुक्रवारी सकाळी समितीच्या खोलीत पाच जण लांब टेबलामागे बसले होते. अध्यक्ष एक निवृत्त अधिकारी, आवाज मऊ, प्रत्येक कागद चौकोनात ठेवणारे. बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. फोटो माझ्या पाकिटात होता. गुरुवारी मी तो उघडलाच नव्हता.

मी माझं निदान सांगितलं. विमानाची जात, दुपारी बाराच्या आतबाहेरची सावली, ठिगळ नसल्यानं ४२७ बाद. अध्यक्षांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे ४०७ की ४१७, हे तुम्ही सांगू शकत नाही."

"या प्रिंटवरून..." मी पाकिटाकडे हात नेला.

"ती प्रिंट राहू द्या. ती अर्जदारांच्या घरातली आहे, त्यामुळे तिच्यात काही दिसलं तरी आम्हाला ते धरता येणार नाही. मूळ निगेटिव्ह तीस वर्षं आमच्या कपाटात आहे. तिची प्रिंट आत्ता काढू. त्यात जे दिसेल तो निकाल. मान्य?"

बाई म्हणाल्या, "मान्य."

पाकिटावरचं लाखेचं सील अध्यक्षांनी सगळ्यांसमोर फोडलं. समितीचा छायाचित्रकार तळघरातल्या डार्करूममध्ये काम करायचा. साक्षीदार म्हणून मला त्याच्याबरोबर पाठवलं.

खोली जेमतेम दोन माणसांपुरती होती. त्यानं दार लावलं आणि लाल दिवा सुरू केला. नळ टपकत होता. छायाचित्रकार गप्पिष्ट होता, मुलीच्या नोकरीबद्दल काहीतरी सांगत होता. सांगता सांगता त्यानं कागदावर उजेड पाडला, कागद द्रावणाच्या तबकात सोडला आणि तबक हलकं हलकं डोलवायला लागला.

कोऱ्या कागदावर आधी कुंपणाच्या तारा आल्या. मग आकाश करडं झालं. मग विमान.

"अरे," तो म्हणाला, "पंखे फिरतायत यात."

पंखे फिरत होते. नुसते पुसट आलेले नव्हते. त्यानं तबक डोलवायचं थांबवलं होतं तरी द्रावणावर बारीक लाटा उठत होत्या, मध्यापासून काठाकडे. बाटल्या फळीवर एकमेकींवर आपटायला लागल्या. तो आवाज पुन्हा माझ्या दातांत आला, मग छातीत. मला दार उघडून पळायचं होतं. दार उघडलं असतं तर उजेडानं कागद काळा पडला असता आणि त्याबरोबर सगळंच. मी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली आणि बघत राहिले.

माणूस सगळ्यात शेवटी आला. तो क्रमांकापुढे नव्हता. एक पाय शिडीवर ठेवून तो दारापाशी उभा होता, आणि तोंड आमच्याकडे होतं. तिशीतला चेहरा, चष्मा नसल्यामुळे डोळे बारीक केलेले. तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. त्याच्या जरा खाली, आठ वर्षांचं मूल कुंपणापाशी उभं राहिलं तर त्याचा चेहरा जिथे येईल, तिथे बघत होता. ओठ उघडे होते. द्रावणाखाली, एका क्षणापुरते, ते हलले.

मागे तिन्ही आकडे लख्ख होते. चार, एक, सात.

आणि दारातल्या काळोखातून एक हात बाहेर आला होता, त्याला वर घ्यायला. मी खिडक्या मोजल्या. चारही चेहरे आपापल्या जागी होते. विमानात त्या चौघांखेरीज कुणी नव्हतं. तो हात बराच लांब होता, आणि मेकॅनिकनं तो धरला होता.

छायाचित्रकारानं चिमट्यानं कागद उचलून दुसऱ्या तबकात टाकला. सगळं स्थिर झालं. नळ टपकत होता. त्याच्या मुलीच्या नोकरीची गोष्ट अर्धीच राहिली.

६

ओली प्रिंट टेबलावर ठेवली. पाचही जणांनी भिंग फिरवून बघितलं. मग अध्यक्ष घसा साफ करून म्हणाले, "तीस वर्षांपूर्वीची प्रिंट निष्काळजीपणे काढलेली दिसते." बाकीच्यांनी माना डोलावल्या. सरकारी माणसाला कारण सापडलं की हायसं वाटतं, आणि त्या दिवशी मला त्यांचा तो गुण फार आवडला.

हाताबद्दल कुणी विचारलं नाही. बाईंनी प्रिंट जवळ ओढली. वडिलांचा चेहरा त्या साठ वर्षांनी बघत होत्या. मग त्यांची नजर दाराकडे गेली आणि तिथे थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. त्यांनी आपला अंगठा त्या हातावर ठेवून तो झाकला, आणि उरलेला फोटो डोळे भरून बघितला.

"काय म्हणत होते ते? आठवतं?" मी जिन्यात त्यांना विचारलं.

"चष्मा आता घरीच सांभाळून ने, म्हणाले. पडशील, धावू नको." त्या दोन पायऱ्या उतरल्या. "मी सांगितलं होतं सगळ्यांना. हेसुद्धा सांगितलं होतं."

सहा महिन्यांनी स्मृतिभिंतीवर चार नावांखाली पाचवं नाव कोरलं गेलं. कार्यक्रम सकाळी दहाला होता, ऊन स्वच्छ होतं. पुढच्या रांगेत बाई, त्यांची मुलं, नातवंडं. मागे त्या चौघांच्या घरची माणसं, म्हणजे साठ वर्षं मेकॅनिकला मारेकरी समजत आलेली घरं. बटणकाका माझ्या शेजारी होते. आदल्या दिवशी त्यांनी बाईंना वडिलांच्या डगल्याला असतं तसलं एक बटण नेऊन दिलं होतं.

सुरू होण्याआधी पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ बाईंसमोर येऊन उभे राहिले. पायलटचा मुलगा.

"आमच्या घरात तुमच्या वडिलांचं नाव घ्यायला बंदी होती," ते म्हणाले.

"आमच्याही," बाई म्हणाल्या, आणि सरकून त्यांना शेजारी जागा करून दिली.

एक तरुण अधिकारी नावं वाचायला उभा राहिला. पहिली चार त्यानं खणखणीत वाचली. पाचवं त्याच्या कागदावर हातानं लिहिलेलं होतं. तो अडखळला आणि ते नाव वाऱ्यात पुटपुटून मोकळा झाला.

बाई उभ्या राहिल्या.

"पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या.

अधिकाऱ्यानं पुन्हा वाचलं.

"शेवटच्या रांगेला ऐकू गेलं नाही. मोठ्यानं."

पायलटचा मुलगा त्यांच्या शेजारी उठून उभा राहिला. मग त्यांच्यामागची रांग, मग तिच्यामागची, खुर्च्या सरकल्याचा आवाज पार शेवटपर्यंत गेला. तिसऱ्या वेळी त्या अधिकाऱ्यानं छाती भरून श्वास घेतला आणि नाव वाचलं, आडनावासकट, हुद्द्यासकट.

बाईंनी मान डोलावली. "आता बरोबर," त्या म्हणाल्या, आणि खाली बसल्या.